रस्त्यापासून पायऱ्यांपर्यंत

आमच्या चर्चचं आवार मोठं आहे, पण गाड्यांसाठी ते कुणी आखलेलं नाही. आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पायी येणारी माणसं होती आणि बैलबंड्या होत्या. त्यामुळे फाटक दोन बंड्या कशाबशा शेजारून जातील एवढंच. आत शिरलं की डावीकडे विहीर, उजवीकडे कडुनिंबाची तीन जुनी झाडं, त्यांच्या पलीकडे काळ्या मातीचा मोकळा तुकडा, आणि फाटकापासून देवळाच्या (चर्चच्या इमारतीला आम्ही देऊळच म्हणतो) पायऱ्यांपर्यंत हलकासा चढ. परतवाड्याकडून मेळघाटाच्या पायथ्याला येणारा रस्ता फाटकाला अगदी चिकटून जातो. तो चढ तरण्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मात्र तो दर रविवारी नव्याने चढावा लागतो.

रविवारची उपासना दहाला. त्याआधी तासभर आम्ही काही जण फाटकाशी उभे असतो. तरुण संघातली मुलं, एसटीतून निवृत्त झालेले एक चालक काका, महिला मंडळातल्या एक-दोघी आणि मी. आलेल्या गाड्या लावून घ्यायच्या, माणसांना उतरवून आत पोचवायचं, नवख्याला बसायची जागा दाखवायची आणि उपासना सुटली की सगळ्यांना धडपणे रस्त्याला लावून द्यायचं, एवढं आमचं काम. शहरातल्या मोठ्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, यासाठी वेगळी पथकं असतात, चमकणारी जॅकेटं असतात. आमच्याकडे एक शिट्टी आहे, ती काकांच्या गळ्यात असते, आणि सणावाराला फक्कीची एक गोणी येते.

या कामात पहिलं गीत नेहमी बाहेरूनच ऐकावं लागतं. कधी दुसरंही. सुरुवातीला घरचे म्हणायचे, अशानं तुझी उपासना कशी घडायची? मला मात्र दिवसेंदिवस वाटत गेलं की आमच्या मंडळीची उपासना फाटकावरच सुरू होते, आणि कित्येकांच्या बाबतीत तिचं काय होणार हे पेटीचा पहिला सूर निघायच्या आधीच ठरलेलं असतं. रस्त्यापासून पायऱ्यांपर्यंतच्या त्या थोड्या वाटेत माणूस ओळखून घेतो, इथं आपली कुणी वाट पाहत होतं का.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या ८४व्या स्तोत्रात देवाच्या मंदिराचा द्वारपाळ होण्याची इच्छा बोलून दाखवली आहे. लहानपणी पाठ करताना ती मला नम्रतेची एक पद्धत वाटायची. नंतर बायबलमधल्याच ‘पहिला इतिहास’ या पुस्तकात वाचलं की कोरहाच्या वंशजांकडे खरोखरच मंदिराच्या वेशींची राखण होती, आणि हे स्तोत्र त्याच कोरहाच्या पुत्रांच्या नावावर आहे. तेव्हापासून त्या ओळीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहते. दारावर उभं राहणाऱ्यांच्या घराण्यातून ती आली आहे. त्यांना दारावरचं ऊन माहीत असणार, उशिरा आलेल्याची धाप माहीत असणार.

आमचं आवारही येणाऱ्यांमुळेच वसलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात अन्नावाचून गावं ओस पडली, आईबापांविना राहिलेली लेकरं ठिकठिकाणच्या मिशनांनी सांभाळली. आमच्याकडची कितीतरी घरं त्या लेकरांची आहेत. माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांना कुणीतरी फाटकाशी आणून सोडलं होतं, एवढंच घरात सांगतात. कुणी सोडलं, कुठल्या गावाहून आणलं, ते मूल रडत होतं की नव्हतं, यातलं काहीच पुढच्या पिढीपर्यंत आलं नाही. पण कुणीतरी फाटक उघडलं, हे आलं. मी उभी असते ते फाटक लोखंडी आहे, नंतर बसवलेलं. जागा तीच आहे.

आता कामाचं सांगते, कारण ते बाहेरून दिसतं त्याहून पुष्कळ बारीक आहे.

पहिली अडचण काळ्या मातीची. कापसाला ती सोन्यासारखी, गाड्यांना अगदी उलट. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी लपेटते की मोटारसायकलचं चाक मडगार्डात अडकून फिरायचंच थांबतं. उन्हाळ्यात तीच माती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्यांनी दोन्ही ऋतूंत तिच्यावर गाड्या लावल्या नाहीत त्यांना वाटतं, मैदान आहे, लावा कुठंही. पावसाळ्यात साइड स्टँड हळूहळू मातीत रुतत जातो आणि प्रवचन रंगात आलेलं असताना एक गाडी पडते, तिच्यासोबत सगळी ओळ. म्हणून आमच्या भिंतीशी चपट्या दगडांचा आणि फरशीच्या तुकड्यांचा एक ढीग असतो. दुचाकी आली की मुलगा दगड घेऊन धावतो, स्टँडखाली सारतो. विहिरीकडचा भाग मुरूम टाकून थोडा उंच केला आहे, तिथं पावसाळ्यात जड गाड्या.

दुसरं, गाडीचं तोंड. काका प्रत्येक चारचाकी उलटी आत घ्यायला लावतात, म्हणजे तोंड फाटकाकडे राहतं. "मांगं घ्या, अजून, अजून, चाक सरळ करा, बस." नवीन माणूस वैतागतो, येतानाच कशाला हा खटाटोप म्हणतो. काकांचं उत्तर ठरलेलं आहे: येताना आवार रिकामं असतं, जाताना लेकरं मोकळी सुटलेली असतात. शब्बाथ शाळा, म्हणजे लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, संपल्यावर पाच-सहा वर्षांची पोरं ज्या वेगानं गाड्यांमधून धावतात तो पाहिला की कुणालाही पटावं. आयुष्यभर एसटी आगारात गाडी मागे घेताना कंडक्टरच्या शिट्टीवर विसंबून राहिलेला हा माणूस. मागे न दिसणाऱ्या जागेची त्याला जी धास्ती आहे, ती आमच्या आवाराच्या कामी आली आहे.

एका गावाच्या गाड्या एका ओळीत लावतो, कारण ती माणसं एकत्र निघतात आणि एकमेकांसाठी थांबतात. कुणाची गाडी कुणाच्या आड आली तरी हाक मारायला नाव ठाऊक असतं. फाटकापासून पायऱ्यांपर्यंतचा पट्टा फक्कीनं आखून मोकळा ठेवतो, तिथं पाळकसाहेबांचीही गाडी लागत नाही. १०८ ची रुग्णवाहिका बोलावली तर ती थेट पायऱ्यांपर्यंत आली पाहिजे. तीन तासांच्या उपासनेत, भर उन्हात, उपाशी पोटी आलेल्या वयस्क माणसांच्या गर्दीत, ही वेळ येणारच नाही असं धरून चालता येत नाही. आणखी एक: कापूस उलंगून झाल्यावर कुणीतरी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, भारा कुंपणाशी आणून टाकतं, सरपणासाठी. त्याच्या जवळ गाडी नाही. नुकत्याच बंद केलेल्या गाडीचा तापलेला सायलेन्सर आणि वाळलेलं गवत यांची गाठ पडू द्यायची नाही.

सावलीचं मात्र सविस्तर लिहायला हवं.

विदर्भातला उन्हाळा सांगून कळत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं देशभरच्या बातम्यांत कशासाठी येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच मावते. अशा मुलखात तीन कडुनिंबांची सावली हीच आवारातली सर्वांत मोलाची जागा. शिवाय ती जागची हलते. सकाळी नऊला झाडाच्या पश्चिमेला गार सावलीत लावलेली गाडी बाराला पूर्ण उन्हात असते. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना चालते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक मनन होत जातं, आणि तोवर सावली झाडाच्या बुंध्यावरून पूर्वेकडे सरकते. म्हणून त्या दिवशी आम्ही आत्ता जिथं ऊन आहे तिथं गाडी लावायला सांगतो. लोक चक्रावून बघतात. तीन वाजता बाहेर आले की त्यांना कळतं.

पण ही सावली द्यायची कुणाला? पूर्वी ती आपोआप ठरायची. चारचाकी आली की पोरं धावत जाऊन झाडाखालची जागा मोकळी करायची. पाहुणा जितका मोठा तितकी सावली दाट. कुणी ठरवून केलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाला खटकत नव्हतं. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हेच आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यांतल्या गरिबाला सांगतात, तू तिथं उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस. हा अध्याय आम्ही देवळाच्या आत कितीदा वाचला असेल. आत बसण्याच्या बाबतीत आमची मंडळी तो पाळतेही, बाकावर कुणीही कुणाशेजारी बसतं. पण तो अध्याय बाहेर झाडाखाली कुणी आणला नव्हता.

काका आणि मी एकदा बसून नीट विचार केला. चारचाकीला काचा आहेत, बहुतेकांना एसी आहे, पाच मिनिटं दारं उघडी ठेवली की ती निवते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पत्रा तीन तास उन्हात तापला की त्यावर पाय ठेववत नाही, आणि त्याच पत्र्यावर बायकांना तान्ही मुलं घेऊन घरी जायचं असतं. मोटारसायकलच्या टाकीवर पुढे लेकरू बसवतात, ती टाकी चटका देते. अपंग भावाच्या तीनचाकी सायकलीची लोखंडी दांडी तशीच. मग आम्ही ठरवलं की सावली ट्रॉल्यांना, लेकरंवाल्या दुचाक्यांना आणि तीनचाकीला. चारचाक्या उन्हात.

ते सगळ्यांच्या पचनी पडलं असं नाही. मेमधल्या एका लग्नात मोठी गाडी आली, चालक खाली उतरून म्हणाला, "साहेबाची गाडी हाय." काका म्हणाले, "असू द्या ना जी. सावलीत ट्रॉली लागते. तुमी इकडं लावा, काचा जराशा उघड्या ठेवा, म्या लक्ष ठेवतो." चालकानं गाडी लावली, पण चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या पुढच्या बैठकीत विषय निघाला. पाहुण्यांचा मान राहत नाही, देणगीदार दुखावतात. मी त्या बैठकीत बोलले. ट्रॉलीत बसून येणारी बाईही पाहुणीच आहे आणि तिचं दान थाळीत नाण्यांच्या रूपानं पडतं म्हणून तिचे पाय भाजू द्यायचे का, असं विचारलं. पाळकसाहेबांनी याकोबाचा तो अध्याय काढून वाचला, दुसरं काही बोलले नाहीत. तेव्हापासून सावलीचा नियम कायम आहे. आणि हेही सांगायला हवं की नंतर कितीतरी चारचाकीवाले स्वतःहून उन्हात गाडी नेऊन लावू लागले. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, एवढंच.

ट्रॉलीचा विषय निघाला म्हणून. पुरुषांच्या पथकाला वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसली नव्हती, ती महिला मंडळाच्या आम्ही दोघी फाटकावर उभ्या राहिल्यावर पहिल्याच सणाला दिसली. ट्रॉली थांबते, मागचा फाळका पडतो, पोरं आणि बाप्ये उड्या मारून उतरतात. बायका उतरतच नाहीत. पातळ सांभाळत, सगळ्यांसमोर, एवढ्या उंचीवरून उडी कशी मारायची? कुणीतरी हात द्यायची त्या वाट पाहतात, आणि हात द्यायला पुढे येतो तो परका पुरुष, म्हणून आणखी संकोचतात. आता आम्ही शाळेतलं एक भक्कम लाकडी स्टूल आणून ठेवलं आहे. ट्रॉली आली की स्टूल घेऊन आम्ही बायकाच पुढे जातो, आधी तान्हं मूल घ्यायचं, मग आईचा हात धरायचा. म्हाताऱ्या माउलीला दोघींनी. उतरल्यावर त्या पदर सारखा करतात, केसांवरून हात फिरवतात, क्षणभर थांबतात. तेवढा वेळ त्यांच्या आणि गर्दीच्या मध्ये आम्ही उभ्या राहतो. मग आत.

ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांचं काय? गाड्यांच्या कामात गुंतलं की ही माणसं नजरेतून निसटतात, कारण त्यांना जागा लागत नाही. ती फाट्यावर एसटीतून किंवा काळीपिवळीतून उतरतात आणि तिथून उन्हातान्हाची चालत येतात. नाताळाला डोंगराकडून काही कोरकू आदिवासी कुटुंबं येतात, पहाटेच निघालेली असतात. शिट्टी, हॉर्न, "मांगं घ्या" या गलक्यात ती फाटकाच्या कडेनं, चोरासारखी अंग आकसून आत शिरतात आणि सर्वांत मागे, सतरंजीच्या टोकाला बसतात. हे दिसायला लागल्यापासून आमच्यातलं एक जण फक्त पायी येणाऱ्यांसाठी असतं. ते फाटकाच्याही बाहेर, रस्त्याच्या कडेला उभं राहतं, हातात पाण्याचा जग आणि पेले. "बाप्पा, येवढ्या उन्हात पायीच आले जी? या, आधी पाणी घ्या." बसायचं असेल तर कडुनिंबाखाली बाक आहे.

या जागी उभं राहणाऱ्याला मी एकच गोष्ट बजावून सांगते: गाव विचारायचं नाही. आपल्याकडे कोणं गाव, कोणाचे तुम्ही, हे सहज विचारतात, प्रेमानंही विचारतात. पण या प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाला ओसरीवर बसवायचं की अंगणात हे ठरवण्याची रीत आपल्या मुलखात फार जुनी आहे, आणि ज्यांच्या आजोबा-पणज्यांना अंगणात बसवलं गेलं त्यांना त्या प्रश्नातला काटा अजून टोचतो. आमच्या मंडळीतही टोचतो. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारात बसला आहे, तीन अनोळखी माणसं दिसतात आणि तो धावत सुटतो. पाय धुवायला पाणी, झाडाखाली विसावा, भाकर. नाव-गाव तो विचारतच नाही. विचारपूस करायला जेवणाची पंगत असते, तिथं माणूस आपणहून सांगतो.

या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त शिकवलं ते चपलांनी.

आमच्या देवळात पुढे बाक आहेत, मागे सतरंज्या, आणि चपला बाहेर काढायची पद्धत आहे. पायऱ्या काळ्या दगडाच्या. इथून जवळच कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालय आहे, आणि आमच्या मंडळीत तिथं बरे झालेल्या माणसांची काही घरं आहेत. कुष्ठरोगाशी विदर्भाचं नातं जुनं. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही कुष्ठरुग्णसेवेच्या संस्थांची नावं इथं जन्मलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. आता हा रोग औषधानं पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात सहा महिने किंवा वर्षभराचं औषध फुकट मिळतं, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याचा संसर्ग थांबतो. पण उपचाराला उशीर होऊन ज्यांच्या नसा गेल्या, त्यांच्या पायांतली जाणीव सहसा परत येत नाही. अशा पायाला चटका कळत नाही. एप्रिलमध्ये बाराच्या सुमारास आमच्या पायऱ्यांवर अनवाणी चढणारा माणूस चटके बसून उड्या मारत चढतो. जाणीव गेलेल्या पायांची आजी त्याच पायऱ्या शांतपणे, एकेक करत चढते, आणि संध्याकाळी तिच्या तळव्याला फोड आलेला असतो. त्या फोडाची जखम होते, जखम महिनोन्महिने भरत नाही.

रुग्णालयात काम केलेल्या मंडळीतल्या एका बाईंनी हे आम्हाला समजावून सांगितलं. अशा पायांसाठी मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या एमसीआर चपला मिळतात. त्या एकदा ओळखीच्या झाल्या की लांबूनही दिसतात. मग आम्ही दोन गोष्टी केल्या. उन्हाळ्यात पायऱ्यांवर ओलं गोणपाट अंथरतो आणि सुकलं की पुन्हा भिजवतो. आणि एमसीआर चपला घातलेल्या माणसाला त्या काढायला कुणी सांगत नाही. तरी ती माणसं स्वतःच काढायला वाकतात, देवाचं घर म्हणून. तेव्हा जवळ जाऊन हळू सांगायचं, "राहू द्या आजी, घालूनच चला." पहिल्यांदा असं सांगितलं तेव्हा आजी घाबरल्या, लोक काय म्हणतील म्हणून. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपासनेतच जाहीर केलं, कुणाला डॉक्टरांनी चपला घालायला सांगितल्या असतील तर त्यांनी त्या घालूनच आत यावं. रोगाचं नाव घेतलं नाही. मधुमेहाच्या दोन काकांनीही मग चपला काढल्या नाहीत, आणि त्यामुळे आजींच्या चपलांकडे कुणाचं लक्ष जायचंही थांबलं.

हस्तांदोलनाचंही तसंच. आमच्याकडे "जय ख्रिस्त" म्हणत हात मिळवायची पद्धत आहे. बोटं आखडलेला हात पुढे यायला कचरतो, पदराखाली जातो. आपण आपले दोन्ही हात पुढे करून वाट पाहायची, घाई करायची नाही. बहुतेक वेळा तो हात येतो.

नाताळाला गावातले सगळेच येतात, हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजारी. कितीतरी जण वर्षानुवर्षं आमच्याकडचा फराळ खात आलेले, पण देवळाच्या आत कधी आले नाहीत. ते फाटकाशी घुटमळतात. "आत येऊ शकतो का आमी?" असं विचारतात तेव्हा मला भरून येतं, कारण इतकी वर्षं हा प्रश्न मनात ठेवून ते परत जात असतील. त्यांना नुसतं "या" म्हणून भागत नाही. सोबत चालत जावं लागतं, कुठं बसायचं, लोक उभे राहिले की आपण उभं राहायचं का, हे वाटेतच सांगावं लागतं. उभं राहिलं नाही तरी चालतं, हेही.

अंत्यविधीला मात्र शिट्टी गळ्यातून काढून ठेवतो. माणसं गाडी कुठंही टाकून, चावी तशीच ठेवून धावतात. काही बोलायचं नाही, गाडी उचलून कडेला लावायची, चावी खिशात ठेवायची आणि परतताना त्यांच्या हातात द्यायची. ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानातल्या उपासनेलाही आवाज नसतो, नुसते टॉर्च, कारण कबरींच्या मधून वाट अरुंद आहे.

हे काम आमच्या चर्चनं शोधून काढलेलं नाही, विदर्भात ते सगळीकडे चालतं. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेकरी ज्या शिस्तीनं आणि ज्या गोडव्यानं दर्शनाची रांग सांभाळतात, ते ज्यांनी पाहिलं त्यांना मी काय वेगळं सांगू? आमच्या पथकातल्या एका मुलाचे शेजारी तिथं सेवेला जातात, चपलांना नंबर लावून ठेवायची युक्ती त्यांच्याकडूनच आली. दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत समता सैनिक दलाची मुलं-मुली वाट करून देतात. आणि गाडगेबाबा तर आमच्या अमरावती जिल्ह्याचेच. गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे, कीर्तन रात्री. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीपाशी, प्रवासातच ते गेले. काका दर वर्षी नाताळासाठी आवार झाडायला तोच दिवस धरतात. त्या दिवशी फाटकाबाहेरचा रस्ताही झाडून होतो, आमचा नसला तरी.

उपासना सुटल्यावरचा अर्धा तास सर्वांत कठीण असतो. सगळ्यांना एकदम निघायचं असतं आणि कुणालाच निघायचं नसतं, गप्पा रंगलेल्या असतात. हंगामाच्या उपासनेनंतर तर देवाला वाहिलेल्या मालाचा लिलाव होतो, आणि मग भोपळे, तुरीच्या पेंड्या, एखादी ओरडणारी कोंबडी असं सगळं गाड्यांवर चढत असतं. रस्त्यावरची वाहनं थांबवायचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही फक्त आपल्या गाड्या थांबवतो, रस्ता मोकळा दिसला की एकेक सोडतो. आधी ट्रॉल्या, त्यांना गाव लांब असतं. मग पायी जाणाऱ्यांना त्याच दिशेच्या गाड्यांत जागा शोधून देतो. मला वाटतं आमच्या कामातला हाच भाग सर्वांत थोडा आणि सर्वांत गरजेचा आहे, कारण चालत आलेला माणूस स्वतःहून "मलेही घेऊन चला" असं म्हणत नाही. चारचाकीवाल्याला विचारलं तर तो बहुधा हो म्हणतो. विचारायला मध्ये कुणीतरी हवं असतं.

यंदाच्या पावसात विहिरीकडचा मुरूम वाहून गेला आहे, नाताळाच्या आधी दोन ट्रॉल्या तरी टाकावा लागेल. पायऱ्यांच्या कडेला उतार बांधून लोखंडी कठडा बसवायचा आहे, तीनचाकी थेट दारापर्यंत जावी म्हणून, आणि चढावर मध्ये एक बाक, आज्यांना टेकायला. कमिटीनं उताराला होकार दिला आहे, बाकाचं अजून ठरलेलं नाही. मी पुन्हा विचारणार आहे. मुलींनी या पथकात यावं अशी माझी फार इच्छा आहे. दोघी तयार झाल्या आहेत, त्यांतली एक स्कूटी चालवते आणि गाडी मागे घ्यायच्या खुणा काकांकडून शिकते आहे. कुणाच्या घरी चपटे दगड, फरशीचे तुकडे किंवा जुनं गोणपाट पडून असेल तर टाकून देऊ नका. रविवारी येताना घेऊन या, किंवा निरोप धाडा, मुलं येऊन नेतील.